रेड्याला नवं काळीज

४ जानेवारी

ती. ताईस सा. न., आणि या खेपेला विनंती थोडी, विशेषच फार.

बातमी वाईट आहे, पण घाबरू नकोस, माणसं सगळी धडधाकट आहेत. रेडा गेला. म्हणजे गाडी जागेवर आहे, इंजिन गेलं. वरच्या वस्तीच्या चढावर मंगळवारी सकाळी पांढरी वाफ सोडत त्यानं मान टाकली. बाबांनी रस्ते खात्याच्या लिलावातून तो आणला तेव्हा चारही चाकांना जोर लागणारी गाडी आपल्या भागात दुसरी नव्हती. चढावर मान खाली घालून धापा टाकत जातो म्हणून ‘रेडा’ हे नाव तूच ठेवलंस, हे तुला आठवत असेलच. आता त्याच्या इंजिनच्या ब्लॉकला बोटभर तडा गेला आहे आणि गॅरेजवाला मिस्त्री म्हणतो की तो सांधण्यात अर्थ नाही.

अशा वेळी दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. मी त्याच संध्याकाळी निवड समिती नेमली. अध्यक्ष अर्थात मी. सगळी नोकरी वजनमाप निरीक्षक म्हणून काढल्यावर तोलून बघण्याचं काम माझ्याइतकं कोणाला जमणार? दुसरे सभासद कर्नल. ते कधी सैन्यात नव्हते, त्यांचं पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या कापडाचं दुकान आहे, पण मिशा अशा आहेत की लोक आपोआप कर्नल म्हणतात, आणि गाड्यांबद्दल त्यांचं वाचन दांडगं आहे. तिसरा मिस्त्री, त्याला मत नाही, फक्त हजेरी. मी एक जाड फाइल उघडली आहे. अश्वशक्ती, वजन, लांबी, रुंदी, असे रकाने पाडले आहेत. अश्वशक्तीचा रकाना सर्वांत मोठा ठेवला आहे, कारण ताई, शेवटी अश्वशक्ती म्हणजेच इंजिन. सिलेंडर किती असावेत यावर काल मोठी चर्चा झाली. मी सहा सिलींडरच्या बाजूचा आहे. कमी अश्वशक्तीत आयुष्य काढायचे दिवस आता संपले.

(ही दूध संघाची गुरांची डॉक्टर असल्यामुळे तिला रोज वर जावं लागतं. संघ भत्ता देतो, गाडी देत नाही. सध्या ती दुधाच्या टेम्पोनं पायथ्यापर्यंत जाते आणि पुढे चालते. व्यायाम होतो.)

गाडी तुझ्या-माझ्या नावावर आहे. नवं इंजिन बसवलं की त्याचा नंबर कागदोपत्री चढवायला दोघांच्या सह्या लागतात. कागद सोबत जोडला आहे. फुलीच्या जागी सही करून उलट टपाली पाठव.

लोभ आहेच, तो सहीसकट असावा.

तुझा
धाकटा


१२ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ., आणि रेड्याच्या पाठीवर माझ्या वतीनं एक थाप.

पत्र पोचलं. फोन करू नकोस असं मी सांगितलं होतं ते तू पाळलंस, बरं केलंस. माझ्या कानांना हल्ली फोन पटत नाही, आणि तू फोनवर बोलायला लागलास की मला मधली पानं उलटता येत नाहीत.

छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरल्यामुळे तुझं पत्रही मी पेन्सिल घेऊनच वाचलं. ‘सिलिंडर’ हा शब्द तू दोन प्रकारांनी लिहिलास आणि दोन्ही चूक लिहिलेस, तेव्हा तो बिचारा मिस्त्री नुसती हजेरी का लावतो ते कळलं. अश्वशक्ती जागोजागी आहे. माझ्या भावजयीचा उल्लेख मात्र एकदाच, तोही कंसात. छापखान्यात आम्ही कंसात तो मजकूर टाकायचो जो गाळला तरी वाक्य बिघडत नाही.

समिती छान आहे. पडद्याचं कापड कळणारा आहे, तराजू कळणारा आहे, आणि एक जण ऐकून घेणारा आहे. फक्त गाडी चालवणारं माणूस त्यात नाही. तू शेवटचं स्टिअरिंग धरलंस तेव्हा टपालपेटी आडवी झाली होती आणि ती तिच्याच चुकीनं झाली असं तू बाबांना पटवून देत होतास. त्यानंतर गाडी चालवते ती एकटी तुझी बायको. तिला कधी कंसाबाहेर काढून विचारलंस का, की बाई, तुला कसलं इंजिन हवं?

मला यंत्रातलं कळत नाही, म्हणून साधे प्रश्न विचारते. रेडा जातो कुठे? काय घेऊन जातो? किती वेगानं जातो? माझ्या आठवणीत तो माणसाच्या चालीनं चढतो. माणसाच्या चालीनं चढायला इतके घोडे कशाला लागतात?

सही मी केलेली नाही. कागद माझ्या टेबलावर आहे, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आहे. जिचा पाय क्लचवर असतो तिच्या हातचं दोन ओळींचं पत्र आलं की सही लगेच करीन.

कर्नलच्या मिशांना नमस्कार. तुझ्यावरची माया शाबूत आहे, विश्वासाचं मात्र बघते.

तुझी
ताई


२३ जानेवारी

ती. ताईस सा. न., जरा रागानंच.

तुझं पत्र समितीपुढे वाचून दाखवलं (टपालपेटी वगळून). कर्नल म्हणाले की पहिल्यापासून मोठ्या कामांना घरातूनच विरोध होतो. असो.

तुला वाटतं तसं मी काही डोळे मिटून चाललेलो नाही. आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, होतं तसंच जुनं इंजिन भंगारातून काढून दुरुस्त करून बसवायचं. तो मीच खोडून काढला. तेच परत आणायचं तर समिती कशाला? दुसरा, मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन. हे मिस्त्रीनं सुचवलं, पण कर्नलांनी विचारलं की पिठाची गिरणी पुढ्यात घेऊन फिरायचं आहे का, तेव्हा तो गप्प बसला. तिसरा पर्याय समोर आला आणि बाकीचे आपोआप बाद झाले. एका बड्या व्यापाऱ्याची लांबलचक पेट्रोल गाडी उलटली होती, तिचं सहा सिलिंडरचं (यावेळी बरोबर लिहिलं आहे) इंजिन. चालू केलं की त्यावर पाण्याचा पेला ठेवावा, थेंब सांडणार नाही. मी ठेवून पाहिला.

इंजिन घरी आणलं आहे. मिस्त्रीकडे जागा नव्हती म्हणून पुढच्या खोलीत ओंडक्यांवर ठेवलं. हिचं औषधांचं कपाट त्यासाठी ओसरीत हलवावं लागलं, तिथं हवाही खेळती आहे. येणारे-जाणारे इंजिनाकडे बघतच राहतात. मी रोज सकाळी ते फडक्यानं पुसतो.

थोड्या अडचणी आहेत, लपवत नाही. इंजिन जुन्यापेक्षा हातभर लांब आहे. रेडिएटर पुढे सरकवावा लागेल, गिअरबॉक्सला जोडायला मध्ये लोखंडी तबकडी कातून घ्यावी लागेल, आणि बॉनेटला खिडकी पाडावी लागेल. मिस्त्री पुढच्या स्प्रिंगांबद्दल काहीतरी पुटपुटत होता. त्याला मी वजनं शिकवली.

आणि तिला विचारलं नाही असं म्हणू नकोस. जेवताना विचारलं. तिनं दोन वाक्यं सांगितली: चढावर थांबलेली गाडी हळू उचलली पाहिजे, आणि गारठ्यात पहिल्या चावीला चालू झाली पाहिजे. ती दोन्ही मी फाइलीत ‘वापरणाऱ्याचे अभिप्राय’ या मथळ्याखाली स्वच्छ अक्षरात नोंदवली आहेत. पण ताई, एवढी ताकद असल्यावर हळू उचलणं हे वेगळं सांगायला लागतं का? जो पळू शकतो तो चालू शकत नाही का? आणि शेवटी ती गुरांची डॉक्टर. मी तिला कधी म्हशीबद्दल सल्ला देतो का?

तुझ्या सहीची वाट बघत काम थांबवणार नाही. कागद मागाहून होतील. काल बॉनेट काढलं.

राग धरू नकोस, मीही फार दिवस धरणार नाही.

तुझा
धाकटा


२ फेब्रुवारी

प्रिय डॉक्टरीणबाई, नणंदेचे आशीर्वाद, आणि तुझ्या सहनशक्तीला वेगळा नमस्कार.

तुझ्या पुढच्या खोलीत इंजिन नांदायला आलं आहे असं कळलं. तुझ्या लग्नात मी तुला सांगितलं होतं की हा मुलगा मनानं चांगला आहे, फक्त त्याला रिकामा ठेवू नकोस. तो रिटायर झाला तेव्हाच मला धास्ती वाटली होती.

ज्या कागदावर मी सही करत नाहीये त्याचं काय करू ते तू सांग. तू म्हणालीस तर करते, तू म्हणालीस तर फाडते. समितीचं मत फुलस्केपभर आलं आहे, तुझं मत मला त्याच्या अक्षरात नको, तुझ्या अक्षरात हवं. डॉक्टरांचं अक्षर वाचायची मला सवय आहे.

आणि चालत वर जातेस त्याचं कसं चाललं आहे? तो म्हणतो व्यायाम होतो. त्याला कधी सोबत नेलंस का व्यायामाला?

पत्राची वाट बघते, आणि माझी बाजू कोणाची हे तुला वेगळं सांगत नाही.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न. उत्तराला उशीर झाला, माफ करा. घरी येते तेव्हा पाय लिहू देत नाहीत.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सही करा, न करा, मला दोन्ही सारखंच आहे. तुम्हाला मधे घालून भांडण जिंकलं तरी ते भांडणच राहील, आणि रोज त्यांच्यासमोर जेवायला मलाच बसायचं आहे. पण विचारलंत ते बरं वाटलं. इंजिनाबद्दल या घरात मी सोडून सगळे बोलतात.

मला काय हवं ते सांगते. वरच्या वस्तीचा रस्ता तुम्ही पाहिला आहे. वळणावर समोरून गुरं आली की चढावरच थांबावं लागतं आणि तिथून परत निघावं लागतं, मागे कधी वासरू असतं, कधी अडलेली गाय सोडवायचं सामान. वेग नको, ओढ हवी. ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला तरी गाडीनं पुढे पाऊल टाकलं पाहिजे. टेम्पोचं डिझेल इंजिन हे करतं, आवाज करतं हे खरं, पण गाय बहुतेक वेळा माझ्याहून जास्त ओरडत असते. शिवाय त्याचा सुटा भाग ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतो. हे सांगायला मला दोन वाक्यं लागली आणि ती दोन्ही फाइलीत गेली. समितीनं रेडा का गेला हे शोधलं का, तेही कधी विचारून बघा. रेडिएटर गळत होता. तो मी दुकानात टाकणार होते. तुमच्या बंधूंनी तो स्वतः कसल्याशा लुकणानं बुजवला, आणि वर मला सांगितलं की दुकानदार उगाच लुटतात.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, कारण इथपर्यंत ते हसण्यासारखंच होतं.

जानेवारीच्या शेवटी खालच्या वस्तीत शेळ्यांची साथ आली. वरच्या वस्तीत ती पोचायच्या आत लस टोचायची होती. वर एक बाई आहे, सगळे तिला बकऱ्यावाली म्हणतात, एकटी राहते, शेळ्यांवरच तिचं सगळं. लस बर्फात ठेवावी लागते. रेडा असता तर सकाळच्या प्रहरात काम संपलं असतं. मी पेटी खांद्याला लावून पायथ्यापासून चालत निघाले. ऊन चढलं, वाटेत एका ठिकाणी बसावंच लागलं, आणि वर जाऊन पेटी उघडली तर आत कोमट पाणी. अशी लस टोचून उपयोग नसतो. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, असू द्या, पाणी तरी प्या. पुन्हा खाली जाऊन, संघाकडून नवी लस मिळवून, टेम्पोवाल्याची मिनतवारी करून परत वर जाईपर्यंत तिच्या गोठ्यात साथ शिरली होती. एकही शेळी राहिली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन हे ह्यांना सांगितलं. ते अंगणात गाडीच्या नाकाची लांबी मोजत होते. हं, हं, म्हणाले, आणि मला दोरीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

मी धरलं.

ताई, मला चांगलं इंजिन नको आहे. मला गाडी हवी आहे.

तुमची तब्येत सांभाळा. इथलं जे आहे ते आहे.

तुमची
भावजय


२८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

चाचणी काल झाली. कशी झाली ते क्रमानं लिहितो, म्हणजे मला मधे थांबता येणार नाही.

इंजिन बसलं. बॉनेटला खिडकी पाडूनही ते चार बोटं वर राहिलंच, म्हणून बॉनेट दोरीनं बांधलं. गाडीचं नाक इतकं खाली आलं की कर्नल म्हणाले, रेडा पाणी प्यायला वाकलाय. सपाट रस्त्यावर मात्र ती अशी पळाली की काय सांगू. मी चालवत होतो, कर्नल शेजारी बसून ओळखीच्या माणसांना हात करत होते, आणि अनोळखी माणसांनाही. मला वाटलं, आता ताईला लिहिताना कुठून सुरुवात करू.

मग चढ लागला. पहिल्या वळणावर गुरं आली, थांबलो. निघायला गेलो तर इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. हळू म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. कर्नलांनी सांगितलं, दाबा. मी दाबलं. असं दाबत-थांबत वस्तीच्या तोंडापर्यंत आलो आणि शेवटच्या चढावर पुन्हा दाबलं, तेव्हा मागून लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मागच्या ॲक्सलचा दांडा तुटला होता. गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक एवढ्या वजनाला कुठले पुरणार? कर्नल दार उघडायला गेले, दार माझ्याच दुरुस्तीमुळे उघडत नव्हतं. आम्ही उलटे जात जात रस्ता सोडला आणि एका गवताच्या गंजीत घुसलो. गंजी मोठी होती, गच्च रचलेली. खरचटलंसुद्धा नाही. कर्नलांच्या मिशांत गवत होतं, ते सोडता बाहेरून काहीच बदललं नव्हतं.

गंजीची मालकीण बाहेर आली. मी उतरून माफी मागितली, गवत भरून देतो म्हणालो, आणि एवढं गवत होतं म्हणून जीव वाचला असंही म्हणालो, जरा हसून, वातावरण हलकं करायला. ती हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, “खाणारं कोणी राहिलं नाही, म्हणून गवत आहे.”

मला कळलं नाही, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाई पेटी घेऊन चालत आल्या होत्या, पेटी तापली होती, बाई घामानं भिजल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांचा दोष नव्हता, त्यांची गाडी बिघडली होती म्हणे, आणि घरचे लोक ती दुरुस्त करायचं मनावर घेत नव्हते. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. कर्नल सांगायला निघाले होते, त्यांचा हात मी धरला.

गाडी तिथेच ठेवली. कर्नल टेम्पोची वाट बघत बसले, मी चालत खाली आलो. ताई, तो रस्ता फार लांब आहे. चढताना तर असेलच, पण उतरतानाही संपत नव्हता. अर्ध्यावर एक दगड आहे, त्यावर बसलो. ही कदाचित त्याच दगडावर बसली असेल असं मनात आलं, आणि उठलो.

ही मला शेळ्यांबद्दल बोलली होती का? बोलली असणार. मला आठवत नाही. आणि तिला विचारायचं धैर्य होत नाही. तुला काही माहीत असेल तर लिही.

सही राहू दे. माया तेवढी ठेव, जेवढी शिल्लक असेल तेवढी.

धाकटा


७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तिनं तुला सांगितलं होतं. तू तिला दोरीचं टोक धरायला लावलंस.

आणखी काही लिहायचं म्हणून पान घेतलं होतं, पण याच्यापुढचं तुझं तुलाच वाचायचं आहे. एवढंच सांगते की तुझ्या या पत्रात एकही चूक सापडली नाही. अश्वशक्ती हा शब्दही कुठे नाही.

सोबत कागद आहे, तू पाठवलेला नाही, दुसरा. बाबांच्या गाडीतला माझा अर्धा हिस्सा मी तुझ्या बायकोच्या नावानं करून दिला आहे. बाबा रस्ते बांधायचे आणि गाडी रस्त्यावर असावी असं त्यांना वाटायचं, पुढच्या खोलीत नव्हे. उरलेल्या अर्ध्याचं तू ठरव. तुझ्यावर जबरदस्ती नाही, पण मी तुला लहानपणापासून ओळखते, तेव्हा एक विनंती आहे: आता पश्चात्तापासाठी समिती नेमू नकोस. तिच्यासमोर भाषण करू नकोस. तिला रडवू नकोस, आणि स्वतः रडलास तर ओसरीत जाऊन रड. तिथं तिचं औषधांचं कपाट आहे, ते येताना आत घेऊन ये.

तू गंजीत पडलास आणि दरीत नाही, याबद्दल मी कोणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही. बहुतेक गवताचे.

जपून राहा.

ताई


२ एप्रिल

ती. ताईंना सा. न. आज पाय बरे आहेत, म्हणून पत्र लांबेल.

तुमचा कागद पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली मला दुसरा कागद मिळाला. त्यांच्या अर्ध्याचा. ते समोर बसून खिडकीबाहेर बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. तुम्ही त्यांना भाषण न करण्याबद्दल लिहिलं असावं असा मला संशय आहे, कारण ते न केल्यामुळे त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. कान लाल झाले होते. कपाट आत आलं आहे, त्याचा आरसा उलट्या बाजूला बसवला आहे, पण आलं आहे.

मी ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याला घेऊन भंगारात गेले. हेही आले, मागे हात बांधून, तोंड मिटून. तिथं टेम्पोंची तीन डिझेल इंजिनं होती. तिन्ही थंड असताना चालू करायला लावली. एकाला खूप मनधरणी लागली, ते सोडलं. एक लगेच चालू झालं, पण तेल गाळत होतं. तिसरं पावाच्या टेम्पोचं होतं, दिसायला सगळ्यांत कळकट. त्याला पहिल्या चावीत जाग आली, आणि फेऱ्या अगदी कमी केल्या तरी ते बंद पडलं नाही, म्हातारं माणूस झोपेत घोरतं तसं घोरत राहिलं. मी म्हटलं, हे. ह्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं की साहेबांना काही म्हणायचं आहे का. साहेब म्हणाले, नाही. मला वाटतं, ताई, त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं वाक्य असेल.

ॲक्सलचा दांडा बदलला, स्प्रिंगा बदलल्या, बॉनेटची खिडकी पत्रा लावून बुजवली. रेडिएटर दुकानात टाकला. रेडा आता पुन्हा धापा टाकत जातो आणि घराच्या काचा वाजतात. सहा सिलिंडरचं इंजिन कर्नलांनी घेतलं. गाडीत घालण्यासाठी नव्हे. दुकानाच्या काचेत मांडून त्यावर ते सोफ्याचं कापड पसरून दाखवतात. गिऱ्हाइकं बघत राहतात म्हणे.

त्या पैशांतून बकऱ्यावालीला शेळ्या घेऊन द्यायच्या असं ह्यांनी ठरवलं. मला सांगितलं नाही, विचारलं. मी म्हटलं, द्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोऱ्या पानावर रकाने पाडलेले दिसले: दूध, वजन, वय, शिंगांची लांबी. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले की शेळ्या तिच्या, तर निवडायला तीच आली पाहिजे. हे त्यांना आपलं आपण सुचलं, तेव्हा मी त्याचं कौतुक केलं नाही. कौतुक केलं असतं तर शेळ्यांचीही समिती झाली असती.

काल तिला घेऊन बाजारात गेलो. ह्यांनी वाटेत तिला स्वतःच सांगितलं की घरचे लोक म्हणजे मीच. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाली, ते गंजीत पडलात तेव्हाच ओळखलं होतं, तुमच्या शर्टावर बाईंच्या पेटीसारखाच औषधाचा वास होता. गवत विस्कटलंत ते मात्र अजून तसंच आहे. हे म्हणाले, उद्या येऊन रचून देतो. ती म्हणाली, तुम्ही नको, पुन्हा रचावं लागेल.

तिनं चार शेळ्या निवडल्या, प्रत्येकीचं तोंड उघडून, कास दाबून, पळवून बघून. परतताना पुढच्या सीटवर ती बसली आणि हे मागे शेळ्यांत. चढाला लागलो. पहिल्या वळणावर गुरं आली, मी थांबले, गुरं गेली, पाय नुसता टेकवला आणि रेडा निघाला, मागच्या शेळीनंसुद्धा मान वर केली नाही. बकऱ्यावाली गाडीचा आवाज ऐकत होती. तिनं विचारलं, हे इंजिन कोणी बघून आणलं?

मी उत्तर दिलं नाही. रस्ता अवघड होता असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे उत्तर कोण देतं ते मला ऐकायचं होतं.

मागून, शेळ्यांच्या मधून आवाज आला, “हिनं.”

आणि मग तिथपासून थेट वस्तीपर्यंत, चढावर हेच इंजिन का योग्य, ओढ आणि वेग यांत फरक काय, आणि लोकांना साधी गोष्ट कशी कळत नाही, हे ते आम्हा दोघींना समजावून सांगत राहिले.

मी ऐकून घेतलं. गाडी चालू होती.

तुम्ही एकदा या. पुढची सीट तुमची. मायेत काही कमी पडलं तर पत्रानं कळवा, आणि चूक सापडली तर पेन्सिलनं.

तुमची
भावजय